मीठ समुद्राचेच होते

वडोदऱ्यात घरी समुद्री माशांची टाकी ठेवू पाहणाऱ्यांनी खरेदीपूर्वी वाचावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दिवाळीच्या आधी मी दांडिया बाजारातील आमच्या घरी 120 लिटरची टाकी बसवली आणि शहरातल्याच एका दुकानातून पिवळ्या शेपटीचे पाच निळे डॅमसेल मासे, जिवाणूंची एक बाटली आणि 'मरीन सॉल्ट' म्हणून पाच किलोची पिशवी आणली. पिशवीवर एक अक्षरही छापलेले नव्हते. त्याबद्दल विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "दरियानुं ज मीठुं छे, साहेब." म्हणजे, समुद्राचेच मीठ आहे. मोठ्या गोणीतून काढून देतो म्हणून स्वस्त पडते, असेही त्याने सांगितले. मी नऊशे रुपये मोजले.

घरच्या आरओच्या पाण्यात मीठ विरघळवले, पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा काटा 1.024 वर, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याइतका, आला आणि मी निर्धास्तपणे मासे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडले होते. उरलेले तीन पाण्याच्या वरच्या थरात कल्ले भराभर हलवीत होते, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेही गेले. दुकानदाराने माझ्या पाण्याला दोष दिला आणि पुढचे पाच मासे अर्ध्या किमतीत देऊ केले.

चोरी पकडली ती आईने. पिशवीत उरलेले मूठभर मीठ तिने बोटांत चुरडून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हे लोणच्याचं जाडं मीठ आहे. आंब्याच्या दिवसांत आपण आणतो तेच." त्यानंतर मी टेस्ट किट मागवले. कॅल्शियमच्या चाचणीत नळीतले पाणी आधी गुलाबी होते आणि ते निळे होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग). समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण 400 पीपीएम असते, म्हणजे वीस-एकवीस थेंब लागायला हवेत. माझे पाणी पहिल्याच थेंबाला निळे झाले.

दुकानदाराचे वाक्य शब्दशः खोटे नव्हते, आणि फसवणुकीची खरी मेख तीच आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले की जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार, आधी तळाशी बसते, मग मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम ज्या कडवट पाण्यात राहतात ते पाणी वेगळे काढले जाते. म्हणजे मीठ समुद्रातून येते खरे, पण ते पुन्हा पाण्यात घातल्याने समुद्र तयार होत नाही. हायड्रोमीटर फक्त पाण्याची घनता सांगतो; ती कोणत्या क्षारांमुळे आली, हे त्याला कळत नाही. वीस-पंचवीस रुपये किलोचे मीठ मला एकशे ऐंशी रुपयांनी पडले.

मीठ खरे असते तरी मासे कदाचित वाचले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डॅमसेल चिवट असतो, पहिल्याच दिवशी सोडला तरी चालतो, असे सांगून दुकानदार तो नवख्यांच्या गळ्यात मारतात. वास्तविक माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. माझ्या बाटलीवरील मुदतीची तारीख नव्या लेबलाखाली झाकलेली होती, हे मी ती रिकामी झाल्यावर पाहिले.

माझ्याकडे पक्के बिल नव्हते, वहीच्या कागदावर लिहिलेली बेरीज तेवढी होती. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवताना पहिल्यांदा बिलच विचारले गेले. तेव्हा मीठ सीलबंद डब्यातले, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक छापलेले घ्यावे आणि बिलावर 'सामान' असे न लिहिता मिठाचे नाव लिहून घ्यावे. सुटेच घ्यायची वेळ आली, तर आधी थोडे मागून आणावे, लिटरभर आरओच्या पाण्यात 35 ग्रॅम विरघळवावे आणि मासे आणण्यापूर्वी कॅल्शियमचे थेंब मोजावेत.