इंगलबरोच्या चार वाटा: कुठून चढावं, कुठे उतरावं

एकदाच जाणार असाल तर क्लॅपमहून चढा आणि हॉर्टनला उतरा. इंगलटन आणि चॅपल-ले-डेलच्या वाटा वाईट नाहीत, पण इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समधल्या या डोंगराचं जे वैशिष्ट्य आहे, चुनखडीत पाण्याने घातलेला गोंधळ, तो क्लॅपमच्या वाटेवर क्रमाने उलगडत जातो.

डोंगराची उंची 723 मीटर. कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून मुंबई-पुण्याहून लीड्स-मँचेस्टरला आलेले ट्रेकर त्याला टेकडी समजतात. चढण खरोखरच दमवणारी नाही. त्रास होतो तो पायाखालच्या दगडाचा आणि माथ्यावरच्या धुक्याचा.

दगड आधी. तळाशी सुमारे 200 मीटर जाड चुनखडी, तिच्यावर चुनखडी, शेल आणि वालुकाश्माचे आलटून पालटून थर आणि अगदी माथ्यावर खरबरीत ग्रिटस्टोनची, म्हणजे जाड कणांच्या वालुकाश्माची टोपी. चुनखडी मऊ असते. हजारो बुटांनी घासली की तिला फरशीसारखी झिलई चढते आणि पावसाचा शिडकावा झाला की त्यावर साबण लावल्यासारखं होतं. सह्याद्रीतला कोरडा बेसॉल्ट बूट धरून ठेवतो, त्या सवयीने इथे पाऊल टाकू नका. माथ्याजवळचा ग्रिटस्टोन मात्र ओला असतानाही पकड देतो. थोडक्यात, पडायची भीती वर कमी आणि खाली जास्त.

क्लॅपमची वाट माथ्यापर्यंत साधारण 7 किमी. इंगलबरो इस्टेटच्या झाडीतून जायचं तर थोडं शुल्क आहे, ते वाचवायचं तर शेजारून भिंतींमधली लाँग लेन जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने पैसे द्यावेत, कारण मधे तलाव आहे आणि इंगलबरो केव्हचं तोंड थेट वाटेवर येतं. ही गुहा 1837 पासून लोकांना दाखवली जाते. पुढे ट्रो गिल. सह्याद्रीत हिला सरळ नाळ म्हटलं असतं: दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे अरुंद चढ, वरच्या टोकाला दगडांचा खच. दोर लागत नाही, पण दोन-चार ठिकाणी हात टेकावे लागतात. इथले दगड सगळ्यात गुळगुळीत. उतरताना, तेही पावसात, ही घळ नकोशी होते. क्लॅपमची वाट चढायला वापरा असं म्हणण्याचं अर्धं कारण हेच.

घळ संपली की थोड्या वेळात गेपिंग गिल. फेल बेक नावाचा ओढा पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या भुसभुशीत मातीच्या माळावरून निवांत वाहत येतो आणि एका भोकात जवळपास 100 मीटर खाली कोसळतो. 1895 मध्ये फ्रेंच गुहाशोधक एदुआर मार्तेल पहिल्यांदा तळाला पोचला. काठ बाहेरून आत उतरता आहे आणि ओला असतो. फोटोसाठी त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही, माळावरूनच बघायचं. मे अखेरीस आणि ऑगस्टमध्ये काही दिवस गुहा-क्लब विंच बसवून लोकांना तळाशी सोडतात. तेवढ्यासाठी तारीख जुळवावी असा हा प्रकार आहे.

इथे पडलेलं पाणी खाली क्लॅपमच्या दिशेने इंगलबरो केव्हच्या शेजारी पुन्हा बाहेर येतं. आपल्या गडांवर कातळात टाकी खोदली की वर्षभर पाणी राहतं. इथे तो हिशोब उलटा आहे. चुनखडीच्या भेगांतून पाणी न गाळता धावत जातं, वरच्या माळावर मेंढ्या चरतात, त्यामुळे झरा कितीही स्वच्छ दिसला तरी प्यायचा नाही. माणशी दीड ते दोन लिटर पाणी खालूनच न्या. वर टपरीही नाही आणि टाकंही नाही.

गेपिंग गिल ते लिटल इंगलबरो, म्हणजे माथ्याआधीचा छोटा उंचवटा, हा टप्पा दलदलीचा. जिथे दगडी लाद्या टाकल्या आहेत तिथे लादीवरच राहा. चिखल टाळायला कडेने गेलात की पाय पीटमध्ये घोट्याच्या वर जातो आणि वाटही रुंद होत जाते.

इंगलटनची वाट साधारण 6 किमी, क्रायना बॉटमच्या शेतघरावरून. वाट ठळक आहे, चुकायला जागा नाही, शेवटचा खडकाळ चढ दमदार. बघण्यासारखं मात्र फार नाही. लवकर जाऊन लवकर परत यायचं असेल तर हीच.

चॅपल-ले-डेलची सगळ्यात छोटी, जेमतेम 4 किमी, आणि सगळ्यात उभी. हिची कमाई खालीच, सदरस्केल्सच्या चुनखडीच्या फरसबंदीत. कातळाचे सपाट ठोकळे आणि मधल्या भेगा, काही कंबरभर खोल, आत नेचे वाढलेले. ठोकळ्याच्या मध्यावर पाय ठेवा, कडेवर नाही, काही ठोकळे डुगडुगतात. भेगेत पाय अडकून पुढे तोल गेला तर घोटा मोडतो. फरसबंदीचा दगड उचलून आणायचा नाही, तिला कायद्याचं संरक्षण आहे. शेवटच्या उभ्या पायऱ्या चढायला ठीक, उतरायला गुडघ्यांचा अंत पाहतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी टाळा: इंगलबरो आणि शेजारची दोन अशी तीन शिखरं एका दिवसात, 12 तासांच्या आत करणाऱ्यांची रांग इथूनच वर येते.

माथा म्हणजे मोठं सपाट पठार, कडेला प्राचीन तटाचे अवशेष, मधे वाऱ्यापासून आडोशासाठी अधिक चिन्हाच्या आकाराची दगडी भिंत. जेवायला ज्या बाजूला वारा नाही ती बाजू धरा. धुक्यात इथेच लोक चुकतात, कारण सगळीकडे सारखंच दिसतं आणि चुकीच्या कडेने उतरलात तर चुकीच्या दरीत पोचता. पठारावर पाऊल टाकल्याबरोबर ती जागा फोनवर खूण करून ठेवा, पण भरवसा होकायंत्र आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेच्या 1:25,000 प्रमाणाच्या ओएल 2 नकाशावर ठेवा. हॉर्टनची आणि चॅपल-ले-डेलची वाट ईशान्य कोपऱ्यातून एकत्र सुटते आणि जरा खाली फुटते. तो फाटा बघून घ्या. अडकलात तर 999 हा इथला आपत्कालीन क्रमांक लावून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचं.

हॉर्टनची उतरण साधारण 8 किमी, सौम्य, सल्बर निकच्या सरळ घळीतून. पावसानंतर राड असते, एवढीच तक्रार. फायदा रेल्वेचा: क्लॅपम आणि हॉर्टन वेगळ्या मार्गांवर असले तरी दोन्हीकडून गाडी लीड्सला येते. क्लॅपमचं स्टेशन गावापासून सुमारे 2 किमी लांब, ते अंतर सकाळी ताज्या पायांनी संपवा. हॉर्टनला वाट थेट स्टेशनावरच उतरते. चहा-जेवण धरून सहा तास पकडा, डिसेंबरात चारच्या आधी अंधारतं, आणि हॉर्टनहून परतीच्या गाड्यांच्या वेळा निघतानाच लिहून घ्या.