कोहा कमांड लाइनवरून सांभाळताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करतो. साडेनऊ हजार पुस्तकं, अकराशेच्या वर मेंबर, सगळं कोहा नावाच्या लायब्ररी सॉफ्टवेअरवर. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या लायब्ररीसाठी बनलं, २००० सालापासून सगळ्यांना मोफत आहे, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि आमच्यासारख्यांसाठी ती भेटच आहे कारण लायसन्सचे पैसे आम्ही कुठून आणले असते. पुस्तक देणं-घेणं ब्राउझरमध्ये होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मी लिहून राहिलो ते मागच्या बाजूबद्दल, आमच्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू आहे, त्याच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'कोहा-' लावून ज्या कमांडी चालतात त्यांच्याबद्दल. जुलैपर्यंत हे काम बाहेरचा माणूस येऊन करायचा, तेव्हापासून मीच करतो.

पहिल्याच पावसाळ्यात उपयोग कळला. दुपारी लाइन गेली, इन्व्हर्टर बसला, मशीन धाडकन बंद. परत चालू केलं तर कोहा उघडते पण कोणतंही पुस्तक शोधा, रिझल्ट शून्य. आमचे काकाजी काउंटरवर बसतात, ते म्हणाले, "भाऊ, सारे पुस्तकं गेले काय?" पुस्तकं कुठंच गेली नव्हती. रेकॉर्ड असतो मारियाडीबी या डेटाबेसमध्ये, आणि शोध घेतो झेब्रा नावाचा वेगळा प्रोग्राम, त्याचा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, वेगळा. आधी कोहा-झेब्रा स्टार्ट करायचं, मग कोहा-इंडेक्सर रीस्टार्ट, तरी नाही जमलं तर कोहा-रीबिल्ड-झेब्रा मायनस एफ मायनस व्ही आणि पुढं इन्स्टन्सचं, म्हणजे आपल्या लायब्ररीच्या कोहाला दिलेलं, नाव. स्क्रीनवर ओळी पळताना दिसतात, चहा होईपर्यंत सगळा इंडेक्स नवा. आधी याच कामासाठी फोन करून दोन-दोन दिवस वाट पाहायचो आणि पोरं रिकाम्या हातानं परत जायची.

आता माझी चूक सांगतो, कारण हे वाचून कोणाचं तरी नुकसान टळावं. ऑगस्टमध्ये बीए दुसऱ्या वर्षाच्या २१२ पोरांच्या कार्डाची मुदत वाढवायची होती. एकेक कार्ड उघडण्यापेक्षा कोहा-मायएसक्यूएल उघडलं, ते सरळ डेटाबेसच्या प्रॉम्प्टवर नेऊन सोडते, मध्ये कोणी विचारत नाही. बॉरोअर्स या मेंबरांच्या टेबलवर अपडेट लिहिलं, तारीख लिहिली, आणि हाताच्या सवयीनं ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन एंटर मारला. व्हेअरची अट, म्हणजे कोणाकोणाची तारीख बदलायची ते, पुढच्या ओळीत लिहायची होती. उत्तर आलं, ११४६ ओळी बदलल्या. २१२ च्या जागी ११४६! प्राध्यापक, पास होऊन गेलेली पोरं, सगळ्यांची एकच तारीख. माझे हात गार पडले. काकाजी म्हणे, "काहून भाऊ, तोंड काहून उतरलं?"

बॅकअप पाहायला गेलो तर रात्रीचा बॅकअपच नाही. कोहाचा रोजचा बॅकअप पहाटे क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामनं, होतो, पण आमचं मशीन पाच वाजता बंद करून कुलूप लावतात, मग पहाटे कोण चालवणार. मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम करून घेणारं अनाक्रॉन आमच्याकडं टाकलेलंच नव्हतं. म्हणजे इतके महिने बॅकअप होते असं आम्ही समजत होतो आणि तो होतच नव्हता, दंड मोजायचं कामही त्याच यादीत, तेही अडकलेलं. देवाची कृपा की सोमवारी मी हातानं कोहा-डम्प, म्हणजे बॅकअप काढायची कमांड, केला होता आणि त्या दोन्ही फाइली, एसक्यूएलवाली आणि सेटिंगची टारवाली, पेनड्राइव्हवर होत्या. रिस्टोअरला दोन्ही लागतात, एकट्या एसक्यूएलवर कोहा-रिस्टोअर चालत नाही.

पण चालू मशीनवर रिस्टोअर केला असता तर सोमवारपासूनची सगळी देवघेव पुसली गेली असती. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर, जिथं कोहाचं तेच व्हर्जन होतं, तिथं तो उतरवला, कार्ड नंबर आणि जुनी तारीख असे दोनच कॉलम बाहेर काढले, लिबर ऑफिसच्या शीटमध्ये फॉर्म्युला लावून प्रत्येक मेंबरची एक अपडेट ओळ बनवली आणि मग ती चालू डेटाबेसवर चालवली. चार दिवसांत आलेले सहा नवे मेंबर प्रवेशाच्या पावत्या पाहून हातानं भरले. संध्याकाळचे सात झाले, काकाजी घरी गेले नाहीत, दाराशी बसून होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कोहा-डम्प केल्याशिवाय प्रॉम्प्ट उघडत नाही. आत गेल्यावर पहिले सेफ अपडेट्स एकवर, म्हणजे अट नसलेलं अपडेट ते घेतच नाही. मग तीच अट सिलेक्टमध्ये टाकून आकडा मोजतो, आकडा जुळला तरच स्टार्ट ट्रान्झॅक्शन करून अपडेट, आणि शेवटी कमिट, त्याशिवाय बदल पक्का होत नाही. आणि अनाक्रॉन टाकून घेतलं. बॅकअप मुळात फक्त दोन दिवसांचे ठेवायचं सेटिंग असते, ते मी तीस दिवस केलं, कारण पोळ्याची आणि दिवाळीची सुट्टी लागली की दोन दिवसांत काय कळणार. शिवाय शुक्रवारी पेनड्राइव्ह घरी, एकाच डिस्कवर बॅकअप ठेवून काही अर्थ नाही.

मला एकच गोष्ट खटकते, मदतीचा मजकूर सगळा इंग्रजीत आहे. मी एका वहीत प्रत्येक कमांड मराठीत लिहून ठेवली आहे, काय केल्यावर स्क्रीनवर काय दिसते तेही. काकाजी आता वही पाहून कोहा-डम्प स्वतः करतात आणि फाइल किती एमबीची झाली ते मला सांगतात.

देवनागरी शोधासाठी झेब्रामध्ये आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्या समजणारी सोय, चालू करून घ्या, नाहीतर मराठी शब्द नीट सापडत नाहीत. ते केल्यावर फरक पडला, पण 'हिंदी' आणि 'हिन्दी' हे त्याच्यासाठी दोन वेगळे शब्दच राहतात, आणि पोरं दोन्ही लिहितात. त्यावर कमांड मला सापडली नाही, म्हणून मी पुस्तकाच्या मार्क रेकॉर्डमधल्या २४६ फील्डमध्ये, म्हणजे नावाचं दुसरं रूप लिहायच्या जागी, दुसरं स्पेलिंग टाकत चाललो आहे. आतापर्यंत २३० पुस्तकं झाली, बाकीची परीक्षा संपल्यावर.