बदाम सात की कॅरम?

जेवणं उरकली, मोबाइल बाजूला ठेवले. आता काय खेळायचं?

कॅरमला नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि एक राणी. पावडर भुरभुरलेल्या बोर्डावर स्ट्रायकरचा नेम बसला की मजाच! पण चौघंच खेळू शकतात, बाकीचे नुसते बघत बसतात.

पत्त्यांतल्या बदाम सातचा डाव मात्र सहा-सात जणांतही रंगतो. ज्याच्याकडे बदामची सत्ती, तो उतारी करतो. मग तिच्या खाली छक्की, वर अठ्ठी. कुणी चौकटची अठ्ठी मुद्दाम दाबून धरली, की नव्वी-दश्शीपासून राजापर्यंत सगळं अडतं आणि आजीसुद्धा ओरडते, "सोड की रे आता!" शिवाय खेळताना गप्पा थांबत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाच किंवा जास्त माणसं असतील तर पत्तेच काढा. चौघंच असाल तर खुशाल कॅरम मांडा.