इयरबुकचे बाराशे रुपये: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत टीवायच्या ग्रुपवर फॉर्म पडला. इयरबुक, हार्डबाउंड, ९६ पानं, १,२०० रुपये, पैसे आधी. त्याच महिन्यात फेअरवेलची साडी, ट्रिपची वर्गणी आणि सेम सिक्सच्या झेरॉक्स, सगळं एकदम अंगावर आलेलं. आई म्हणाली, "फोटो मोबाईलमध्ये आहेत ना तुझ्या?" याला उत्तर नव्हतं. तरी पैसे भरले, कारण बेंचवरच्या तिघींनी भरले होते.

पुस्तक मिळालं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीतून, रजिस्टरवर सही करून. बाहेर धो धो पाऊस. दोन पिशव्यांत गुंडाळून परळला घरी आणलं.

आधी फोटोंचं सांगते, कारण सगळे त्यासाठीच घेतात. कमिटीने फोटो व्हॉट्सॲपवर मागवले होते. तिथून फोटो आकसून पोचतो, लांबीला साधारण १,६०० पिक्सेल. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे असा फोटो पाच इंचांपर्यंत बरा दिसतो. आमचे ए-फोर पानभर ताणलेत. ट्रॅडिशनल डेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली मी कोणती, ते मला माझ्या नथीवरून नाही, शेजारणीच्या उंचीवरून ओळखावं लागतं. 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा' एवढी एक ओळ कोणी टाकली असती तर हे टळलं असतं.

बांधणीला मात्र नाव ठेवायला जागा नाही. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेत, नुसता गोंद फासलेला नाही. पुस्तक सपाट उघडतं, एक पान निसटलेलं नाही. कागद चकचकीत आर्ट पेपर, आणि तो मुंबईच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवायचा नसतो हे मला ऑगस्टमध्ये कळलं. ओल लागली की त्याची पानं एकमेकांना धरतात. सोडवताना एका सरांचं अर्धं कपाळ समोरच्या पानावर गेलं. आता पुस्तक कपाटात असतं, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

सोळा पानी सहा फर्म्यांत जाहिरातींनी आठ पानं खाल्ली. कँटीनच्या अण्णांना पाव पानही मिळालं नाही. तीन वर्षं उधारीवर कटिंग पाजलेल्या माणसाला! क्लासच्या जाहिरातीत कोण कुठले टॉपर आहेत त्यांचे चेहरे मात्र छान स्पष्ट आलेत.

शेवटची आठ पानं कोरी आहेत, सह्यांसाठी. पण जुलैपर्यंत कोण कुठे राहतं? कोणी सीएच्या आर्टिकलशिपला, कोणी बँकेच्या क्लासला, एक तर लग्न होऊन साताऱ्याला. मग मीच शनिवारी पुस्तक बॅगेत घालून निघायला लागले. सप्टेंबरात एकीला दादरच्या पुलावर गाठलं. ती डोंबिवलीहून येते, तिथे गाडी बदलते. कठड्याला पुस्तक टेकवून तिने जेल पेनने लिहायला घेतलं. मागून गर्दीचा रेटा, खाली तिची गाडी लागलेली. तिने फटकन पुस्तक मिटलं आणि पळाली. आर्ट पेपर शाई पीत नाही. घरी उघडलं तर निम्मी अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटलेली. तरी वाचता आलं: एफवायला मी तिला अकाउंट्सची वही दिली होती, तिच्या बाबांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. वही दिल्याचं मला अंधुक आठवत होतं. ऑपरेशनचं तिने तेव्हा सांगितलंच नव्हतं.

आठ महिन्यांत मी तेवढंच पान पुन्हा पुन्हा उघडलंय. छापील ८८ पानं दोनदा चाळली असतील, त्यातलं एकदा पाहुण्यांना दाखवायला.

तेव्हापासून साधं बॉलपेन बाळगते. आतापर्यंत अकरा जणांनी लिहिलंय.

परवा मामेभावाने त्याच्या कॉलेजचा फॉर्म पाठवला, "ताई, घेऊ का?" म्हणून. त्याला म्हटलं, किंमत राहू दे, पुस्तक परीक्षेआधी हातात देणार का ते विचार. त्याने कमिटीचं उत्तर पाठवलं: 'जुलैचा पहिला आठवडा.' मी त्याला स्टेशनसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडून जाड कागदाची दोनशे पानी वही घ्यायला सांगितलंय. आणि पहिलं पान अण्णांकडून लिहून घे म्हटलंय.