पुणे-नागपूर फ्लाइट: तिकिटावर 1 तास 25 मिनिटं, घरून घरी किती?

मी मूळची नागपूरची, नोकरी पुण्यात, राहते कोथरूडला. मागच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून विमानानं जाऊन आले, दोन्ही वेळा एकाच कंपनीचं विमान होतं. कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

विमानानं हे अंतर सरळ रेषेत 600 किलोमीटरच्या आसपास आहे, रेल्वेनं मात्र वंदे भारतनं गेलात तरी 881, कारण गाडी दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेते आणि 12 तास लागतात. ट्रॅव्हल्सनं तर अख्खी रात्र जाते. माझ्या तिकिटावर 1 तास 25 मिनिटं लिहिलं होतं, पण हा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो तो तिकडे जाऊन थांबेपर्यंतचा असतो, हवेत आम्ही जेमतेम तासभर होतो. लोहगावचा, म्हणजे पुणे विमानतळाचा रनवे एअर फोर्सचा, एकच, त्यामुळे उडायच्या आधी लाइनीत थांबणं आलंच.

जातानाची फ्लाइट पहाटे 6:15 ची. पावणेचारला कॅब केली, रस्ता रिकामा होता म्हणून पाऊण तासात पोचले, वेब चेक-इन आदल्या दिवशीच केलं होतं तरी बॅग द्यायला वीस मिनिटं गेलीच. 7:40 ला नागपूर, आणि 8:20 ला त्रिमूर्तीनगरला घरी, म्हणजे घरून घरी 4 तास 35 मिनिटं! आईला 11 ला आत घेणार होते, त्याआधी तासभर तिचा हात धरून बसता आलं, मला तर पैसे तिथंच वसूल झाले. आणि हो, सकाळच्या फ्लाइटला डावीकडची खिडकी घ्या, ऊन उजवीकडून येतं, शिवाय हवा स्वच्छ असली तर पैठणचा नाथसागर दिसतो, पहाटेच्या उजेडात अख्खं पाणी गुलाबी झालं होतं.

येतानाची संध्याकाळची मात्र 2 तास 40 मिनिटं लेट, आणि मेसेज आला तो मी एअरपोर्टवर पोचल्यावर. बाबांचा सारखा फोन, "अजून तिथंच बसून राहिली का गं?" एवढ्या छोट्या फ्लाइटला 2 तासांच्या वर उशीर झाला तर खायला-प्यायला देणं कंपनीला बंधनकारक आहे, डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियमच आहे, पण आपणहून कोणी विचारलं नाही, मी काउंटरवर जाऊन मागितलं तेव्हा सँडविच आणि ज्यूस मिळालं, मग मागच्या एका आजींनाही आणून दिलं, त्या दुपारपासून उपाशी होत्या. मागितल्याशिवाय काही देत नाहीत, हे मला अजिबात आवडलं नाही. एकच विमान दिवसभर चार-पाच शहरं फिरतं, सकाळी कुठं उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत वाढत येतो, म्हणून शक्यतो पहिलीच फ्लाइट घ्या. पुण्यात उतरल्यावर परत एरोमॉलपर्यंत, म्हणजे विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत बॅग ओढत जाऊन कॅब, घरी पोचायला साडेबारा.

जाताना 5 पैकी साडेचार, येताना 2. दिवाळीचं तिकीट काढून झालंय, पहाटेचंच, डावीकडची खिडकी.