चौदा महिने, दोन कप्पे आणि तीन दसरे

"अगं, माझा दसरा कुठे गेला?"

सासऱ्यांनी हे विचारलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मला वाटलं, आपट्याची पानं शोधताहेत. ते बोलत होते नॅसबद्दल, म्हणजे घरातल्या सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून जोडलेल्या, डिस्क बसवलेल्या सामाईक खोक्याबद्दल. त्यांच्या 'दसऱ्याचे फोटो' या फोल्डरमध्ये अकराच फोटो होते, आणि त्यांच्या हिशोबाने तीनशेच्या वर हवे होते. हात धुऊन माझ्या लॅपटॉपवरून बघितलं, तर 'दसऱ्याचे फोटो' नावाचे तीन फोल्डर, एकाखाली एक, काना-मात्रेचाही फरक नाही. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर कुठलाच संगणक करू देत नाही. इथे तीन. तेव्हापासून या खोक्याचा हा रिव्ह्यू डोक्यात शिजतोय.

आधी घराची कुंडली. नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट. माझा विंडोज ११ चा लॅपटॉप, नवऱ्याचं मॅकबुक (तो डिझाईनची कामं करतो), आणि बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जुना डेस्कटॉप, ज्यावर मुलाने विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलंय. बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झाले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला लेबल हवं. २००३ च्या सिंहस्थाच्या निगेटिव्ह स्कॅन केलेल्या, २०१५ च्या सिंहस्थाचे शाही स्नानाचे फोटो, २००८ आणि २०१६ च्या पुरात गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं त्याचे तासातासाने काढलेले फोटो. हे सगळं धरून घरात पावणेदोन टीबी माल.

गुगलने जून २०२१ पासून फोटोंची फुकट साठवण बंद केली तेव्हापासून आम्ही एकेक पोर्टेबल डिस्क घेत गेलो. दोन टीबीचा गुगलचा प्लॅन तेव्हा वर्षाला ६,५०० रुपये होता. नॅस, दोन डिस्क आणि छोटा यूपीएस मिळून चाळीस हजारांच्या आसपास. नवरा म्हणाला, "सहा वर्षांनी फायद्यात येशील." मी म्हटलं, येईन. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. दोन कप्प्यांचा, दोन्हींत चार-चार टीबीच्या डिस्क, रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढची अर्धी भांडणं तिची नव्हतीच, हे मला उशिरा कळलं.

पहिले दोन महिने मी या खोक्याला मनातल्या मनात एक तारा दिला होता. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबी, वर जायचं नावच नाही. पावणेदोन टीबी भरायला जवळपास दोन दिवस लागले. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "मॅडम, रिस्टार्ट करून बघा." दुकानदार म्हणाला, स्वस्तातलं घेतलं की असंच होणार. मग एका रविवारी मुलाने नॅसच्या पानावर बोट ठेवलं. लिंक स्पीड: १००. "आई, हे हजार हवं ना?"

राउटर आणि नॅसच्या मधली वायर इंटरनेटवाल्याच्या माणसाने बसवून दिली होती. तिचं टोक उजेडात धरलं. त्या पारदर्शक प्लगमध्ये आठ तारा दिसायला हव्यात. दिसल्या चारच: नारिंगीची जोडी आणि हिरवीची जोडी. निळी आणि तपकिरी जोडी आतच कापून टाकलेली. १०० एमबीपीएसला (म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबीला) दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजारला, चारही लागतात. त्याने आपलं काम वाचवलं, आणि मी दोन महिने शिव्या खोक्याला घातल्या. एम. जी. रोडवरून दीडशे रुपयांची तयार वायर आणली. ११ चे १०८ झाले. म्हणून तो एक तारा मागे घेते. तुमचाही वेग ११-१२ वर अडकला असेल तर आधी वायरची टोकं बघा.

बाकीचं पटकन उरकते. आठ टीबीचे पैसे देऊन ३.६ दिसतात म्हणून बाबा आठवडाभर नाराज होते. रेड १ मध्ये दुसरी डिस्क म्हणजे पहिलीची नक्कल, आणि कंपन्या हजाराने मोजतात तिथे संगणक १०२४ ने मोजतो, एवढंच ते. एप्रिलमध्ये माळ्यावर ठेवलेल्या डिस्कचं तापमान ४८ वर गेलं, म्हणून खोका टीव्हीखाली आला, आणि आता रात्री डिस्कची कुरकुर ऐकू येते. वीज महिन्याला १४ युनिटच्या आसपास खातो. मॅकच्या टाइम मशीनला (आपोआप बॅकअप घेणारी सोय) मर्यादा घालून द्या, नाहीतर ते सगळी जागा गिळतं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजचं २४एच२ अपडेट आल्यावर नॅसवरचा बिनपासवर्डचा शेअर (सामाईक फोल्डर) उघडेना, तेव्हा प्रत्येकाला वेगळं खातं काढून दिलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बाहेरून इंटरनेटवरून थेट उघडायची सोय मी बंदच ठेवलीय. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने ज्यांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, ते नॅस असेच इंटरनेटला उघडे होते.

मे महिन्यात एक डिस्क गेली. पहाटे पावणेचारला खोका बोंबलायला लागला, अख्खं घर उठलं. डेटा सगळा जागेवर होता, तेवढ्यासाठी रेडला नमस्कार. पण वॉरंटीचं महाभारत झालं. डिस्कला तीन वर्षांची वॉरंटी, आणि दुकानदाराने बिलावर नुसतं 'हार्ड डिस्क ४ टीबी – २ नग' लिहिलेलं. सर्व्हिस सेंटर म्हणे सिरीयल नंबर बिलावर हवा. दुकानदार म्हणे आम्ही लिहीत नाही. मी म्हटलं, मग आता लिहा. तेवीस दिवस, चार फेऱ्या, आणि शेवटी हातात आली ती दुरुस्त केलेली डिस्क. मधल्या काळात एकाच डिस्कवर सगळं घर, या विचाराने पाचव्या दिवशी माझी चिकाटी संपली आणि मी पदरचे साडेदहा हजार घालून नवी आणली. रात्री अकराला लावली, सकाळी साडेसातला हिरवा दिवा. वॉरंटीतून आलेली आता कपाटात, साड्यांच्या खाली. डिस्क घेताना एसएमआर प्रकारची घेऊ नका. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे नव्या डिस्कवर अशी सगळी नक्कल भरताना ती दिवसच्या दिवस लावते. २०२० मध्ये नॅससाठीच्या म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता तशा निघाल्या होत्या, तेव्हा मॉडेल नंबर तपासूनच पैसे द्या.

आता दसरा.

तीन फोल्डर. एक मी विंडोजवरून केलेला. एक नवऱ्याच्या २०१२ च्या पोर्टेबल डिस्कवरून आलेला. ती डिस्क मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, आणि त्याने ती मॅकला जोडून आरसिंक नावाच्या कमांडने नॅसवर ओतली होती. तिसरा बाबांनी उबुंटूवर टाइप केलेला. बाबा कायम डावीकडच्या बुकमार्कवरून आत शिरतात, म्हणून त्यांना फक्त त्यांचा अकरा फोटोंचा दिसत होता. गंमत मॅकवर. तिथे माझा आणि नवऱ्याचा असे दोन्ही फोल्डर दिसायचे, पण कुठल्याही एकावर क्लिक केलं तरी माझाच उघडायचा. नवरा म्हणाला, "खोका गंडलाय, परत कर." चौदा महिन्यांनी कोण परत घेतो?

मुलाने रात्री तिन्ही नावांचे कोड (संगणक प्रत्येक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो ते) काढून दाखवले, आणि मी स्वयंपाकघरातल्या वहीत लिहून घेतले. सगळा घोळ एका अक्षराचा. 'ऱ'. माझ्या नावात तो एकसंध आहे, युनिकोडमध्ये ०९३१. नवऱ्याच्या नावात साधा र, ०९३०, आणि त्याच्या खाली वेगळा नुक्ता (टिंब), ०९३सी. मॅकची ती जुनी पद्धत फाईलची नावं अशी फोडूनच साठवते. २०१७ नंतरची नवी पद्धत ती जशी दिली तशी ठेवते, पण आमची डिस्क २०१२ ची. आणि बाबांच्या कीबोर्डवर चंद्रकोरीसारखा र काढायचा तर साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर तिन्ही तंतोतंत 'दसऱ्याचे'. नॅसच्या आत लिनक्स, ते अक्षरांचं रूप बघत नाही, कोड बघतं. कोड वेगळे तर नाव वेगळं, नाव वेगळं तर फोल्डर वेगळा.

हे मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नाही, आणि का ते आता कळतं. इंग्रजीत फोल्डर करणाऱ्याला ही अडचण येतच नाही. हिंदीवाल्याला 'लड़का', 'पढ़ाई'मध्ये असलाच नुक्ता भेटत असणार. पण हा 'ऱ्या' आपला. दुसऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावर, बाऱ्हे गाव. आमच्याकडे शोधले तर असे एकवीस फोल्डर दुभंगलेले निघाले. 'सप्तशृंगीच्या पायऱ्या' दोन. 'दुसऱ्या पुराचे फोटो' दोन. शोधाच्या चौकटीत 'दसऱ्याचे' लिहिलं की ज्याच्या कीबोर्डवरून लिहाल त्याचाच दसरा सापडणार.

आणि मग व्हायचं ते झालं. मी गुंता सोडवायच्या आधी नवऱ्याने स्वतःच सोडवायला घेतला. त्याने आपला 'दुसऱ्या पुराचे फोटो' आधी आरसिंकनेच मॅकच्या डेस्कटॉपवर उतरवून घेतला आणि नॅसवर त्याच नावाचा माझा फोल्डर होता तिथे ओढला. मॅकने विचारलं, 'रिप्लेस' करू? तो हो म्हणाला. विंडोजवर फोल्डरवर फोल्डर टाकला की दोन्हीतलं एकत्र होतं. मॅकवर 'रिप्लेस' म्हणजे जुना फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो आणि नवा त्याच्या जागी बसतो. २०१६ च्या पुराचे, मारुतीच्या छातीशी पाणी असलेले एकशे चाळीस फोटो गेले. रेड काय करणार? दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे गेले. नवरा पांढराफटक. बाबा पुढच्या खोलीत बातम्या बघत होते.

इथे या खोक्याने पैसे वसूल करून दिले. घेताना मुलाने हट्ट धरला होता की बीटीआरएफएस (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) आणि स्नॅपशॉटवालंच (ठरल्या वेळी सगळ्या फायली जशा असतील तशा जपून ठेवणारं) मॉडेल घ्यायचं, त्यासाठी साडेतीन हजार जास्त गेले होते आणि मी तेव्हा भरपूर बोलले होते. रोज पहाटे तीनचा स्नॅपशॉट ठरवलेला होता. त्यातून पुराचा फोल्डर जसाच्या तसा परत आला, पाच मिनिटांत, बातम्या संपायच्या आत. बाबांना आजतागायत माहीत नाही. हे ते वाचणार नाहीत अशी आशा आहे. स्नॅपशॉट नसलेलं मॉडेल मी कुणालाही सुचवणार नाही, मग ते कितीही स्वस्त असो. आणि हे मी म्हणतेय, दीडशेच्या वायरचंही बिल जपून ठेवणारी.

मग कामाला लागले. उबुंटूवर कॉन्व्हएमव्ही नावाचं एक छोटं साधन आहे, ते फोडलेली नावं जोडून देतं. आधी ते नुसतं काय करणार ते दाखवतं; 'नोटेस्ट' सांगितल्याशिवाय हात लावत नाही. हा स्वभाव मला फार आवडला. ज्या नावाचा जोडलेला फोल्डर आधीच होता तिथे ते अडून बसलं, तेवढे मी विंडोजवरून एकत्र केले. बाबांचे मात्र त्याला कळेनात, कारण ते न दिसणारं चिन्ह त्याच्या लेखी वेगळंच अक्षर. त्यासाठी मुलाने एक ओळ लिहून दिली, जी तसल्या नावांची यादी काढते. ती मी दर रविवारी चालवते आणि नावं हाताने बदलते.

सोपा उपाय मी बाबांना सुचवून बघितला होता. "बाबा, फोल्डरच्या नावात ऱ्या लिहूच नका ना. 'दसरा फोटो' लिहा. 'पायरी' लिहा."

"आयुष्यभर दसऱ्याला दसऱ्याच लिहिलं. आता एका खोक्यासाठी व्याकरण सोडू?"

नवा कीबोर्ड बसवून दिला, जुना त्यांनी परत लावून घेतला, बोटांना सवय आहे म्हणून. त्यामुळे माझा रविवार चालूच. गेल्या रविवारी यादीत एकच नाव आलं. शनिवारी रात्री केलेला, आत काहीही नसलेला फोल्डर: 'म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय नाव बदलू नये'.

तो तसाच ठेवलाय.