आयएफकॉन्फिग की आयपी कमांड? नेटवर्कच्या कामाला हाताला कुठली सवय लावावी

नवीन पोरं नेटवर्कच्या कामाला लागली की हे विचारतातच, लिनक्सवर नेटवर्क बघायच्या, बसवायच्या जुन्या कमांड आयएफकॉन्फिग, रूट, नेटस्टॅट शिकायच्या की सरळ त्यांच्या जागी आलेल्या आयपी आणि एसएस वर जायचं. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायचं) आणि ट्रेसरूट (वाट कुठनं जाते बघायचं) दोन्हीकडं तेच, त्यामुळं ते सोडून देऊ. मी बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात दुकानं, पतसंस्था, उद्यमबागेतले छोटे कारखाने असल्यांचं नेटवर्क बघतो, दोन्ही कमांड भरपूर वापरल्यात, तेव्हा माझ्या कामात काय दिसलं तेवढं सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर हिशोब वेगळा लागू शकतो.

आधी जुन्याची बाजू, कारण ती कमी नाही. आयएफकॉन्फिग १९८३ च्या बीएसडी ह्या युनिक्समधून आलंय, आणि त्याचा आउटपुट बघायला अजूनही डोळ्याला बरा वाटतो, अ‍ॅड्रेस, नेटमास्क (अ‍ॅड्रेसचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा), किती पॅकेट आले-गेले, किती एरर, सगळं मोकळं मोकळं मांडलेलं. नेटमास्क पण २५५.२५५.२५५.० असा पूर्ण दिसतो, नवीन माणसाला /२४ (तोच मास्क थोडक्यात लिहिलेला) म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. आणि अ‍ॅपलच्या मॅकवर काम असेल तर विषयच नाही, तिथं आयपी कमांड मुळातून नाहीच, आयएफकॉन्फिगच वापरायचं.

आयपी कमांडला सगळे नवीन म्हणतात खरं, पण ती पण लिनक्सच्या गाभ्याच्या म्हणजे कर्नल २.२ च्या वेळची, म्हणजे १९९९ च्या आसपासची आहे. फरक एवढाच की आता डिस्ट्रोवाल्यांनीच (लिनक्स बांधून देणाऱ्यांनी) बाजू घेतलीय, डेबियन ९ पासून म्हणजे २०१७ पासून साध्या इन्स्टॉलमध्ये आयएफकॉन्फिग येतच नाही, नेट-टूल्स हे त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. आता बघा की, नेट बंद पडलंय म्हणून आपल्याला बोलावलंय आणि नेट तपासायचं टूल डाउनलोड करायलाच नेट पाहिजे, तिथं काय करणार.

पण माझं मन ज्यानं फिरलं ते कारण वेगळंच आहे. एका फौंड्रीच्या ऑफिसात प्रिंटर मधूनच गायब व्हायचा. अकौंट्समधली पोरं फोन करायची, "सर, प्रिंटर परत गेला बघा." जाऊन पिंग मारलं तर उत्तर छान येतंय, प्रिंट मात्र जात नाही. केबल बदलून झाली, स्विचचा पोर्ट बदलून झाला. शेवटी प्रिंटरचा प्लगच काढला, तरी त्या १९२.१६८.१.५० वरून पिंगला उत्तर येतंयच! म्हणजे तो अ‍ॅड्रेस दुसरंच कोणतरी धरून बसलंय. एआरपी टेबल, म्हणजे कुठला आयपी कुठल्या कार्डाचा ह्याची यादी, बघितलं तर कार्डाचा नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस निघाला तिथल्याच लिनक्स सर्व्हरचा. सर्व्हरवर जाऊन आयएफकॉन्फिग मारलं तर तिथं एकच अ‍ॅड्रेस, १९२.१६८.१.१०, बाकी काही नाही. तोच सर्व्हर, तेच कार्ड, आणि कमांड सांगतेय सगळं ठीक आहे. मग आयपी अ‍ॅड्र मारलं आणि खाली दुसरी ओळ आली, १.५०, पुढं सेकंडरी असं लिहिलेलं. आधीच्या कुणीतरी टेस्टिंगला आयपी कमांडनं तो अ‍ॅड्रेस जोडला होता आणि तसाच सोडून गेला होता. रीस्टार्ट झाला असता तर आपोआप गेला असता, पण यूपीएस चांगला असल्यामुळं सर्व्हर कधी बंदच पडला नव्हता. एका आयपी अ‍ॅड्र डेलनं प्रिंटर जाग्यावर आला.

असं का होतं तर आयएफकॉन्फिग कर्नलला जुन्या पद्धतीनं म्हणजे आयऑक्टलनं विचारतं, तिथं कार्डाच्या एका नावाला एकच अ‍ॅड्रेस मिळतो, दुसरा दिसायचा तर त्याला ईटीएच०:१ असं लेबल लावलेलं पाहिजे. आयपी कमांड नेटलिंक ह्या नवीन पद्धतीनं विचारते, तिला सगळे मिळतात. रेशन कार्डावर घरच्या कर्त्याचंच नाव आणि बाकीची माणसं घरात जेवतायत, तसला हा प्रकार. टूल हळू असेल तर चालवून घेईन, आउटपुट गिचमिड असला तरी चालवून घेईन, पण जे आहे ते दाखवतच नसेल तर त्याच्या भरवशावर शोध कसा घ्यायचा? हे मला काही पटलं नाही.

बाकीच्या गोष्टी मग त्याच बाजूला झुकत गेल्या. पावसाळ्यात जांबोटी, खानापूरकडं झाड पडून फायबर तुटायचं चालूच असतं, म्हणून लोक फायबरबरोबर डाँगल पण ठेवतात. अशा वेळी ट्रॅफिक नक्की कुठनं जातंय हे आयपी रूट गेट ८.८.८.८ (हा गूगलचा अ‍ॅड्रेस) एका ओळीत सांगतं. रूट कमांडमध्ये दोन डिफॉल्ट ओळी बघून मेट्रिक (ज्याचा कमी ती वाट आधी) कुणाचा कमी ते आपण ताडायचं, आणि त्यात डॅश एन द्यायचं राहिलं तर ती नावं शोधायला डीएनएसकडं (आकडी अ‍ॅड्रेसचं नाव सांगणाऱ्या सर्व्हरकडं) जाते आणि डीएनएसच बंद असेल तर अडकून बसते. नेटस्टॅटचं पण तेच. फोनवरनं संकेश्वरच्या पोराला अर्धं मराठी अर्धं कन्नडमध्ये कमांड सांगायची असेल तर "आयपी, स्पेस, डॅश बीआर, स्पेस, ए" एवढंच, एका कार्डाला एक ओळ येते, तो वाचून दाखवतो, काम होतं.

आयपी कमांडला पण सांभाळून घ्यावं लागतं, ते लपवत नाही. ती अ‍ॅड्रेस जोडते, जुना काढत नाही, फौंड्रीतला घोळ त्यातनंच झालेला. शेवटी /२४ लावला नाही तर /३२, म्हणजे फक्त तो एकच अ‍ॅड्रेस, धरते आणि मग शेजारचं मशीन पण दिसत नाही. आयएफकॉन्फिग निदान आधीचा अ‍ॅड्रेस बदलून नवीन बसवतं, पण मास्क दिला नाही तर १० नं सुरू होणाऱ्या अ‍ॅड्रेसला २५५.०.०.० लावून मोकळं होतं. कायमचं बसवायचं तर दोन्ही कामाच्या नाहीत, त्याला नेटप्लॅन नाहीतर एनएमसीएलआय ही वेगळी टूल्स.

तुमच्याकडं मॅक असतील, किंवा जुन्या स्क्रिप्ट आयएफकॉन्फिगचा आउटपुट कापून वापरत असतील तर लगेच सोडा असं मी म्हणणार नाही. पण आज शिकायला बसलाय तर मी म्हणेन आयपी आणि एसएसलाच हात बसवा, जुनं वाचता आलं तरी पुरे. आणि कुठलीही कमांड वापरा, नवीन अ‍ॅड्रेस द्यायच्या आधी आर्पिंग डॅश डी एकदा मारून बघा, उत्तर आलं तर त्या अ‍ॅड्रेसवर आधीच कोणतरी बसलंय.